काडी विझेपर्यंत

माझी आत्या बावीस वर्षं आर्गॉन वेल्डिंग करते आणि मी अकरा वर्षं शाळेत राजवायू शिकवते. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे गेल्या महिन्यापर्यंत दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझं सगळं शिक्षण तिच्या आर्गॉनवर झालं, त्यामुळे लाज मला जास्त वाटायला हवी. वाटतेही.

तिच्या कारखान्यात दुधासाठी स्टीलच्या टाक्या बनतात. टाकीचे सांधे ती डोळे मिटून जोडेल. पण मालकांनी आता पाइपांचं काम घेतलं आणि त्याबरोबर परीक्षा आली. पाइपाचे दोन तुकडे जोडायचे. परीक्षक तो सांधा उभा चिरून आतून बघणार आणि त्याची पट्टी कापून वाकवणार. संधी तीन. तिन्ही हुकल्या तर बाहेरचा वेल्डर येणार आणि आत्या घासकामावर जाणार, म्हणजे दुसऱ्याने जोडलेले सांधे दिवसभर चकचकीत करत बसणार. एक्कावन्नाव्या वर्षी.

दोन संधी हुकल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी पेपर तपासत होते. कुणीतरी लिहिलं होतं, 'राजवायू निष्क्रिय असतात, म्हणजे ते काहीही करत नाहीत.' मी पूर्ण गुण देऊन टाकले. आत्या चहाचा कप घेऊन मागे उभी होती.

“काही करत नाहीत? कोण म्हणतं असं?”

“पुस्तक म्हणतं. त्यांची बाहेरची कक्षा भरलेली असते. कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही. हेलियम, निऑन, आर्गॉन, सगळे एकाच माळेचे मणी.”

“अगं, म्हणूनच तर कामाचा आहे तो. स्टील वितळलं की हवा टपलेलीच असते त्याला जाळायला. हा मध्ये उभा राहतो. हवेला हात लावू देत नाही आणि स्वतःही लावत नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि राजा कसला गं? दिवसभर राबतो माझ्याबरोबर.”

“मग तुझा सांधा का जळला?”

बोलून गेले आणि जीभ चावली. आत्याने पिशवीतून नापास झालेला पाइप काढला आणि माझ्या पेपरांवर ठेवला. चिरलेले दोन भाग तारेने एकत्र बांधलेले होते. “घे. तूच सांग. हवं तर पुस्तक उघड.”

मी दिव्याखाली धरून आत बघितलं. सांध्याचा खालचा अर्धा भाग लखलखीत होता. वरचा अर्धा काळा, दाणेदार, जळलेल्या साखरेसारखा. वरची बाजू कोणती हे कळत होतं, कारण तिथे तिच्याच हातची खडूची खूण होती.

“आत गॅस भरला होतास ना?”

“न भरून कसं चालेल? दोन्ही तोंडांना पुठ्ठा लावला, सांध्याभोवती चिकटपट्टी लावली. वरून गॅसची नळी आत सोडली आणि हवा बाहेर जायला खाली भोक ठेवलं.”

“वरून का?”

“गॅस वरच चढणार ना. फुगा नाही का जात वर?”

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. खोटं नाही सांगत, खरंच पडलं. फुग्यात हेलियम असतो. घराणं एक, पण हेलियम हवेपेक्षा हलका आणि आर्गॉन जड. तिने वरून सोडलेला आर्गॉन तळाशी जात होता आणि खालच्या भोकातून सरळ चालता होत होता. हवा वर ठाण मांडून बसली होती. टाकीवर काम करताना हे कधी आडवं आलं नव्हतं, कारण तिथे गॅस वेल्डिंगच्या टॉर्चमधून थेट सांध्यावरच येतो, आतून वेगळा भरावा लागत नाही.

मी खुर्चीतून उठले, परत बसले, परत उठले. “आत्या, उलटं कर. नळी खालून, भोक वर. बादलीत पाणी भरतो तसा भर त्याला. आणि भोकाशी जळती काडी धर. काडी विझली की समज, आत हवा उरली नाही.”

आत्याने पाइप हातात फिरवला, खडूच्या खुणेवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ नुसती हसत राहिली. मग म्हणाली, “दोन महिने मी माझ्या हाताला शिव्या घालतेय.”

परीक्षेच्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली. पत्र्याची शेड, भिंतीवर पंखा, आणि घाईत असलेले परीक्षक. आत्याने आधी पंखा बंद करायला लावला. टॉर्चचा गॅस उडून जातो, ती म्हणाली. मग तिने नळी खालून जोडली, सिलिंडर उघडला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दिसत काही नव्हतं, वास कसला नव्हता.

“बाई, नुसत्या किती वेळ बसणार?” परीक्षक म्हणाले.

“भरू दे, साहेब.”

तिने खिशातून आगपेटी काढली. परीक्षक दोन पावलं मागे सरकले. “गॅसजवळ काडी पेटवताय?”

“हा जळत नाही, साहेब. आणि जळूही देत नाही.”

पहिली काडी भोकाशी मजेत जळत राहिली. आत्या थांबली. दुसरी थरथरली, पण टिकली. पुस्तकात वाचलेलं मी कधी करून बघितलं नव्हतं आणि आता आत्याची शेवटची संधी त्यावर लावून बसले होते. तिने तिसरी काडी भोकाशी नेली. ती भोकावर येताच विझली, चिमटीत पकडल्यासारखी. आत्याने चेहऱ्यावर काच ओढली आणि चिकटपट्टी थोडी थोडी सोडवत सांधा जोडायला घेतला.

थंड झाल्यावर परीक्षकांनी पाइप चिरला. आत सगळीकडे लखलखीत, वरही आणि खालीही. त्यांनी पट्टी कापून वाकवायच्या प्रेसमध्ये घातली. पट्टी वाकत गेली, पार दुमडली. भिंग लावून त्यांनी वाकलेल्या जागेवर तडा शोधला. सापडला नाही. त्यांनी कागदावर सही केली आणि मला हुंदकाच आला.

“काडीची युक्ती कुठे शिकलात?” त्यांनी विचारलं.

आत्याने हातमोजे काढले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “ही भाची माझी. शाळेत शिकवते.” मग तिने वाकलेली पट्टी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. “हिला मी शिकवलंय.”