रुईची गाडी लावायची कुठं

"मामा, गाडी लायनीत घ्या. तिकडं धुऱ्याले काहून लावून राह्यले?"

ढाब्याचा मालक शेषराव हात हलवत माझ्या केबिनपाशी आला. भर दुपार होती. महागावच्या जिनिंगमधून रुईच्या गठाणी भरून मी नागपूरकडं निघालो होतो. कळंबच्या पुढं हा ढाबा. कडुनिंबाच्या सावलीत गाड्या एकीला एक खेटून उभ्या. माझी गाडी मात्र उन्हात, वावराच्या कडेला, एकटी.

"इथंच राहीन," मी म्हटलं.

"मंग जेवाले दुसरा ढाबा पाहा."

"नको देऊ जेवण. गाडी हालत नाही."

शाळेत मी चौथीच्या पुढं गेलो नाही, पण गाडी कुठं उभी करायची हे मला कोणी शिकवू नये. नवा ड्रायव्हर सावली पाहतो. जुना ड्रायव्हर आधी निघायची वाट पाहतो. गाडीचं तोंड रस्त्याकडं पाहिजे अन् समोर कोणी नको. बॅटरी कमजोर असली तर उतार पाहिजे. डिझेलची टाकी बाजेवर बसल्या जागेवरून दिसली पाहिजे, नाहीतर जेवण होईतो टाकी रिकामी.

रुई भरली असली की आणखी एक गोष्ट पाहायची. वारा. गठाण म्हणजे मशीनमध्ये दाबून पट्ट्यांनी आवळलेली रुई. जिनिंगमध्ये कापसासोबत एखादा खडा मशीनमध्ये गेला, ठिणगी उडाली, अन् ती रुईत दाबल्या गेली, तर बाहेरून काही दिसत नाही. आत ती सरकत राहते. म्हणून रुईची गाडी मी पेटलेलीच आहे असं धरून लावतो. ढाब्याच्या भट्टीची ठिणगी माझ्यावर येऊ नये अन् माझी दुसऱ्यावर जाऊ नये, अशी वाऱ्याला आडवी.

बाजेवरून शब्बीर ओरडला. तो डिझेलच्या टँकरवर होता, जुनी ओळख. "चाचा, गाडी को ससुराल छोड आये क्या? इतनी दूर!"

"तुझ्या टँकरले खेटून लावू काय? दोघं संगंच वर जाऊ!"

सगळे हसले. शेषराव हसला नाही.

जेवण बंद, म्हणून मी माझ्याच गाडीच्या सावलीत बसलो अन् डब्यातली भाकर-ठेचा खाल्ला. शेवटचा घास तोंडात होता तेव्हा वास आला. जळक्या चिंधीचा. उठलो. ताडपत्रीखाली हात घालून उलट्या पंज्यानं एकेक गठाण चाचपली. मागची, कडेची गठाण तव्यासारखी तापली होती. वरून धुराचा बारीक दोरा निघत होता.

गाडी माझी स्वतःची. तिच्यावरच घर चालतं. अन् पलीकडं डिझेलनं भरलेला टँकर.

सेल्फ मारला. समोर कोणी नव्हतंच. गाडी वळवून बाजूच्या नांगरलेल्या वावरात घातली, जिथं काळ्या मातीशिवाय जळायला काही नव्हतं. शब्बीर धावत येताना दिसला.

"पहिले तुझा टँकर काढ!"

"कैसे निकालूं चाचा? सामनेवाला नहाने गया है!"

"मंग सब्बल आण."

मी रस्से सोडले. शब्बीरनं लोखंडी सब्बल गठाणीखाली लावली, मी खांदा लावला. गठाण धप्पकन मातीत पडली अन् पडता पडता वरचा कपडा पेटला. शब्बीर पट्टी तोडायला निघाला, मी त्याचा हात धरला. पट्टी तुटली की रुई मोकळी होते, हवा आत शिरते अन् भडका होतो. शेषराव बादली घेऊन पळत आला.

"पाणी नोको! आत जात नाही ते. माती टाका, माती!"

तिघांनी माती लोटली. गठाण मातीखाली धुमसत राहिली. बाजूच्या गठाणीचा नुसता कपडा करपला होता. बाकी सगळ्या मी हात लावून लावून पाहिल्या. थंड. टँकरच्या समोरच्या गाडीचा ड्रायव्हर आंघोळ करून, टॉवेल खांद्यावर टाकून आला तेव्हा कुठं शब्बीरचा टँकर निघाला.

मी जिनिंगच्या शेठला फोन लावला.

"एक गठाण कशी काय जळाली?" शेठ तापले.

"बाकीच्या कशा वाचल्या ते विचारा."

मी फोन ठेवला. शेषराव जवळ येऊन म्हणाला, "मामा, चला, जेवाले बसा."

"मी जेवलो. हात धुवाले पाणी दे."

पुढच्या खेपेला गेलो तर त्या धुऱ्याजवळ पिवळ्या रंगाची चौकट आखलेली. आत मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'कापूस गाडी'. मी उतरलो, चिमूटभर माती उडवून पाहिली अन् गाडी दुसऱ्या टोकाला नेऊन लावली.

शेषराव तणतणत आला. "मामा! तुमच्यासाठी जागा बनवली, रंग मारला, अन् तुमी तिकडं?"

"जागा झकास हाय. पण आज वारा भट्टीवरून तिकडंच चालला."

त्यानं भट्टीकडं पाहिलं, धुराकडं पाहिलं अन् पोऱ्याला सांगितलं, "मामाचं ताट तिकडंच नेऊन दे."

जागा ढाबेवाल्याची, हे मला मान्य आहे. पण रुई भरली असली की आधी वाऱ्याला विचारायचं, मालकाला मागून.