दुसऱ्या वेचणीचा पांढरा

पुसद ते फुलसावंगी या रस्त्यावर आजवर धावलेल्या यच्चयावत वाहनांत माझ्या साडूंच्या गाडीइतके लाड एकाही वाहनाचे झाले नसतील, आणि एकाही वाहनाविषयी इतके खोटे बोलले गेले नसेल. मी चाळीस वर्षे पुसदच्या न्यायालयात वकिली केली. खोटे मी पुष्कळ ऐकले आहे आणि उलटतपासणीत सोलूनही काढले आहे. तरीही गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, त्या गाडीच्या पिवळ्या दाराची कथा तीन तोंडांनी तीन प्रकारे सांगितली गेली, तेव्हा माझा घास हातातच राहिला. माझा मेहुणा म्हणाला, साडू चिक्कू आहेत, म्हणून हलका रंग आणला. त्यांच्या शेजाऱ्याने सांगितले, निवृत्तीनंतर त्यांचे डोके फिरले होते. तिसऱ्या एका गृहस्थाने तर माझ्यासमक्ष जाहीर केले की आम्हा साडूंमध्ये पाच महिने जो अबोला होता, तो मानपानावरून होता. तिन्ही विधाने असत्य आहेत. त्या प्रकरणात मी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होतो. कसा साक्षीदार होतो, ते पुढे येईलच.

माझे साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पुसदच्याच एका शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवत होते. सारे गाव त्यांना सर म्हणते, मीही म्हणतो. त्यांच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारची माणसे असत, ज्यांना रंग दिसतो ती आणि ज्यांना नुसत्या वस्तू दिसतात ती. मला ते दुसऱ्या वर्गात बसवीत, आणि वादात कोणाला हार न जाणारा मी ते निमूट ऐकून घेत असे, कारण त्यांचा डोळा खरोखरच विलक्षण होता. पांढरा हा एक रंग आहे, असे त्यांच्यापुढे म्हणण्याची सोय नव्हती. आमच्या भागात कापूस जितक्या वेळा वेचतात तितके पांढरे त्यांच्या गणतीत होते. पहिल्या वेचणीचा पांढरा निराळा. दुसऱ्या वेचणीचा किंचित थकलेला. आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावर वाळल्या झाडांना पुन्हा पाणी देऊन जो कापूस काढतात त्याचा, पिवळटलेला, निराशेचा. निवृत्तीच्या आधी दोन वर्षे त्यांनी ती जुनी गाडी घेतली, तेव्हा मी विचारले, "कसं चालते इंजिन?" ते म्हणाले, "इंजिनाचं मले नाई माहीत जी. पण रंग पाहा. अस्सल दुसऱ्या वेचणीचा."

त्या दिवसापासून गाडीच्या अंगाला परक्या माणसाचा हात लागला नाही. ती पुसली जाई ती सासऱ्यांच्या जुन्या धोतरांनी, कारण इतके मऊ सुती कापड बाजारात मिळत नाही, असे त्यांचे मत होते. दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या की ते त्या दंतमंजनाने घासत. तेही लवंगेचेच लागे, त्यामुळे गाडी समोरून आली की आधी लवंगेचा वास येई आणि मग हॉर्न ऐकू येई. आसनांची खोळ त्यांनी जुन्या सतरंज्या उसवून स्वतः शिवली होती. आत बसणाऱ्याने चपला काढून मांडीवर घ्याव्यात, असा दंडक होता. माझा मेहुणा एकदा नवे बूट मांडीवर घेऊन उमरखेडपर्यंत गेला आणि उतरताना त्याच्या पांढऱ्या विजारीवर दोन तळव्यांची नक्षी उमटली होती. चिक्कूपणाच्या कथेचा उगम त्या विजारीत आहे, हे न्यायाच्या दृष्टीने नोंदवून ठेवतो.

डोके फिरल्याच्या कथेचेही मूळ मला ठाऊक आहे. अंगणातल्या कवठाच्या झाडावरून एक कवठ नेमके गाडीच्या टपावर पडले आणि टपाला चांगला ओंजळभर पोचा आला. साडूंनी मागच्या आसनावर उताणे पडून, दोन्ही पाय वर करून, तळव्यांनी तो पोचा आतून रेटायला सुरुवात केली. शेजाऱ्याला कुंपणावरून काचेत दोन उभे तळवे तेवढे दिसले. तो ओरडत आला, "सर! ओ सर! काय झालं जी तुमाले?" आतून शांत आवाज आला, "काई नाई झालं. टप उचलून राह्यलो. तुमी जरा वरतून पाहा अन् सांगा, सारखा झाला का?" शेजाऱ्याने टपाकडे पाहिलेच नाही, तो थेट माझ्याकडे धावत आला. मी गेलो, तेव्हा टप पूर्ववत झाला होता आणि साडू चहा पीत होते. मला विचाराल तर त्या दुपारी त्या आवारात शुद्धीवर असलेला माणूस एकच होता.

आता दाराविषयी. फुलसावंगीच्या वळणावर उसाच्या एका ट्रॉलीने गाडीचे डावे मागचे दार या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडून काढले. दुखापत मोठी होती, म्हणून आयुष्यात प्रथमच साडू गाडी घेऊन पुसदच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या उस्तादाकडे गेले. मी सोबत होतो. उस्तादाने दारावर हात फिरवला आणि म्हणाला, "दोन दिवसात करून देतो, सर. सफेद तं हाये, त्यात काय पाह्याचं?"

साडूंनी विचारले, "कोणता सफेद?"

"सफेद म्हणजे सफेद जी."

साडू गाडीत बसले आणि गाडी परत घरी आली. त्यांनी घासाघीस केली, असे नंतर सांगितले गेले. किमतीचा विषय निघालाच नव्हता.

त्यानंतर सतरा दिवस ते त्या दारापाशी होते. गंज खरवडला, खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरले, पाण्याचा काचकागद फिरवून फिरवून दार असे गुळगुळीत केले की माशी बसली असती तर घसरली असती. पंक्चरवाल्याकडून रंग उडवायचे हवेचे यंत्र आणले. दिवस कापसाचे होते. गावातून कापसाच्या गाड्या जात होत्या आणि हवेत तंतू तरंगत होते. ओल्या रंगावर एक तंतू बसला तरी सतरा दिवस वाया, म्हणून त्यांनी बायकोची पाच लुगडी भिजवून चारही बाजूंनी टांगली आणि आत एकटे उभे राहिले. रंग त्यांनी स्वतःच वाटीत कालवला होता. पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब घालायचा, बोटाने पत्र्यावर लावायचा, वाळू द्यायचा, डोळे बारीक करून पाहायचे, मान हलवायची आणि आणखी एक थेंब घालायचा. मी खुर्ची टाकून बसलो होतो. त्यांनी किती थेंब घातले हे मी मोजले नाही, परंतु ते थांबत नव्हते, हे मात्र माझ्या लक्षात आले होते. त्याच दिवसांत त्यांनी दोनदा माझा चहा कपाऐवजी बशीत ओतला होता. मी त्याचा अर्थ लावला नाही. उलटतपासणीत मी दुसऱ्या कोणाला हे सोडले नसते.

रविवारी सकाळी त्यांनी लुगडी बाजूला केली आणि मला पुढे बोलावले. मागे त्यांची पत्नी आणि माझी पत्नी, दोघी बहिणी उभ्या होत्या.

दार पिवळे होते. पिवळट नव्हे, पिवळे. बाकीच्या गाडीच्या अंगावर ते परक्या गावच्या पाहुण्यासारखे बसले होते.

साडू म्हणाले, "वकीलसाहेब, खरं सांगा. जमला का रंग?"

त्यांच्या नखांत रंग होता आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवर सायीसारखे काहीतरी, जे मी त्या क्षणी प्रथम पाहिले. मला दाराचे दुःख झाले नाही. ज्या माणसाने तीस वर्षे मुलांना रंग दाखवला, त्याला आता तो दिसत नाही, आणि हे त्याला अजून कळलेले नाही. सांगायचे कोणी? मागून माझ्या पत्नीने माझी बाही ओढली.

मी म्हणालो, "तंतोतंत, सर. कोणाले ओळखू नाई येनार."

त्या दिवशी कोणी हसले नाही. पंगतीत जे सांगितले गेले की सारे घर पोट धरून हसले, ते मी साफ नाकारतो. उलट, दिलेली साक्ष टिकवण्यासाठी मी गावभर हिंडलो. मेहुण्याला बजावले की तोंड उघडलेस तर संबंध संपला. उस्तादाकडेही गेलो. तो हात पुसत म्हणाला, "मी काय आंधळा हावो का, वकीलसाहेब? पण माह्या पोरीले सरनंच चित्र काढाले शिकवलं. मी कायले बोलू?" मग आठ महिने ती गाडी एक पिवळे दार घेऊन सगळीकडे फिरली आणि अख्खे पुसद गप्प राहिले. या गावाविषयी मला पुष्कळ तक्रारी आहेत, परंतु ही एक गोष्ट मी त्याच्या बाजूने नोंदवतो.

मोतीबिंदू शेवटी कळलाच. उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी यवतमाळला जायचे ठरले, आणि साडूंनी हट्ट धरला की आपल्याच गाडीने जायचे. गाडी मी चालवली. तिथल्या दोन दिवसांत मी ती प्रत्येक ठिकाणी डावी बाजू भिंतीला खेटून उभी केली. इतकी खेटून की डाव्या बाजूने मांजरसुद्धा गेले नसते. पट्टी निघाली, काळा चष्मा आला, त्यांना मी उजव्या दाराने आत बसवले. पण दिग्रसच्या अलीकडे चहाला थांबलो, तिथे भिंतच नव्हती.

मी चहा सांगून मागे वळलो, तेव्हा ते गाडीच्या डाव्या अंगाला उभे होते. त्यांनी चष्मा काढला. एक डोळा हाताने झाकला आणि पाहिले. मग दुसरा झाकला आणि पाहिले. असे चार-पाच वेळा झाले. चहा निवून गेला.

"वकीलसाहेब, हा कोणत्या वेचणीचा?"

मी खाली मान घालून सांगितले, "फरदडीचा."

"तुमाले तवाच दिसलं होतं?"

"हो."

त्यांनी ते पिवळे दार उघडले, चपला काढून मांडीवर घेतल्या आणि त्याच दाराशी बसून पुसदपर्यंत आले. पाच महिन्यांचा अबोला तिथे सुरू झाला. त्याचा कोणाच्या मानाशी किंवा पानाशी संबंध नव्हता.

त्या पाच महिन्यांत मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतलो. मी दयेपोटी बोललो, असे माझ्या बचावाचे म्हणणे तयार होते. पण दया केलेल्या माणसाला ती कशी लागते, हे मी कधी विचारात घेतले नव्हते, आणि विचारात घेतल्यावर बचाव उरला नाही. अखेर एके दिवशी तेच गाडी घेऊन माझ्या ओसरीवर आले. मधल्या काळात त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रियाही झाली होती. त्यांनी पिशवीतून पत्र्याचे तीन तुकडे काढले, तिन्ही पांढऱ्या रंगाचे, आणि माझ्यापुढे मांडले.

"गाडीचा कोणता? अन् या वेळी खरं सांगा."

मी गाडीपाशी जाऊन एकेक तुकडा लावून पाहिला. बराच वेळ घेतला. म्हणालो, "मधला."

"मलेबी मधलाच वाटला," ते म्हणाले आणि खाली बसले. बहुधा हाच आमच्यातला समेट होता, कारण त्यानंतर त्यांनी चहा मागितला.

त्यांनी मधला रंग वाटीभर कालवून ठेवला, परंतु दार पुन्हा रंगवले नाही. मी काही दिवसांनी विचारले, "सर, काहून राह्यलं मग?" ते म्हणाले, "मले जसं दिसलं तसंच मी रंगवलं. दारात काई खोटं नाई जी. खोटी होती ती तुमची साक्ष. मंग दारानं कायले बदलावं?" मी माझी साक्ष तिथल्या तिथे मागे घेतली. चाळीस वर्षांत असे दुसऱ्यांदा झाल्याचे मला आठवत नाही.

गेल्या वर्षी ते दोघे नागपूरला लेकीकडे राहायला गेले. गाडी त्यांनी माझ्या अंगणात आणून लावली, धोतराचे चार तुकडे दिले आणि दर रविवारी ती चालू करून पुसायची, असे बजावले. मी पुसतो. पंगतीतल्या त्या लोकांनी एकदा येऊन पाहावे.

पण अलीकडे एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. पुसता पुसता मी थबकतो. पुढचे दार पाहतो, मागचे पाहतो. मला फरक दिसत नाही. मागच्या रविवारी साडूंचा फोन आला, तेव्हा नेहमीप्रमाणे त्यांनी विचारले, "दार कसं हाये?"

मी म्हणालो, "सर, मले तं दोन्ही दारं सारखीच दिसून राह्यली."

"खरं सांगून राह्यले ना?"

"शपथेवर."

"मंग डोळे दाखवा," ते म्हणाले. "मी येतो. यवतमाळले आपल्याच गाडीनं जाऊ. मी चालवीन."

पुढच्या महिन्यात जायचे ठरले आहे. गाडी भिंतीला खेटून लावणार नाही, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे. तोवर रोज सकाळी मी तिच्यासमोर उभा राहतो. कवठाचा पोचा गेलेला टप, लवंगेचा मंद वास असलेले दिवे आणि ते दार. पुढच्या महिन्यात मला ते कसे दिसेल हे मला ठाऊक आहे. आजची माझी साक्ष एवढीच की ती सगळी गाडी मला एकाच वेचणीची दिसते.