अस्तरातला खिसा

माझी आई शाळेचे गणवेश शिवायची आणि लोकांवर संशय घ्यायची. दोन्ही कामं ती सारख्याच निष्ठेनं करायची, त्यामुळे तिचं मुख्य काम कोणतं आणि जोडधंदा कोणता, हे सांगणं अवघड आहे.

दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. दोन शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीवर खुंट्या आणि खुंट्यांवर निळे ब्लेझर. मागे पडदा आणि पडद्याच्या पलीकडे आम्ही राहायचो. पडद्याला आईनं डोळ्याच्या उंचीवर एक भोक ठेवलं होतं. ते कापडाला पडलेलं भोक आहे असं ती सांगायची, पण त्याच्या कडेला काजासारखी सुबक शिलाई होती.

शाळेतल्या मुली यायच्या, लाडात येऊन म्हणायच्या, "मावशी, स्कर्ट दोन इंच वर घ्या ना. लांब होतोय."

"मागच्या महिन्यात बरोबर होता. महिन्याभरात बुटकी झालीस का?"

मुलगे पँटची मोहरी अरुंद करून मागायचे. आई टेप गळ्यात तसाच ठेवून विचारायची, "पाय आत जाईल रे, पण बाहेर कसा येणार? रोज कापून काढायचा?" मग कुणी सांगितलं, आईला माहीत आहे का, आईचा फोन नंबर दे, अशी सरबत्ती. एका मुलाला कॉलर उभी राहणारी हवी होती. त्याची तिनं अर्धा तास उलटतपासणी घेतली. बिचाऱ्याला शेवटी आपण कॉलर का मागतोय हेच आठवेना. शाळेत तिचं नाव पडलं होतं एक्स-रे मावशी. आणि मी तिची मुलगी, म्हणून मला म्हणायचे फिल्म.

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. माझ्या आईचं तोंड कधी, कुठं पोळलं होतं देव जाणे. पण ती पाणीसुद्धा फुंकून प्यायची. दुकानातून बाहेर जाताना मशीनच्या चाकावर आणि सांगाड्यावर मिळून खडूची एक बारीक रेघ ओढून जायची. परत आल्यावर रेघ जुळली नाही, तर मशीनला कुणीतरी हात लावला हे तिला कळायचं. बाबा म्हणायचे, "तुझी आई आरशात बघते तेव्हा समोरच्या बाईलाही विचारते, कुठून आलीस?" हे ते अर्थातच हळू आवाजात म्हणायचे.

एका बाबतीत मात्र तिचा दावा खरा होता. टाका बघून ती शिवणाऱ्याचा हात ओळखायची. कुणी दुसरीकडून बिघडवून आणलेला कपडा टाकला, की उलटा करून बघायची आणि सांगायची, "स्टॉपजवळच्या टेलरचं काम. घाईत असतो, गाठ नीट मारत नाही." मी डावखुरी. तिनं मला हातशिलाई शिकवली तेव्हा माझे टाके तिच्या टाक्यांच्या विरुद्ध बाजूला झुकायचे. तिनं खूप प्रयत्न केला, मग नाद सोडला. "झुकू देत," म्हणाली. "बाकी सगळं जग एकीकडे झुकतं. पण शिकून ठेव नुसतं. तुला या मशीनवर वाकायचं नाहीये. शेवटच्या परीक्षेत चांगले मार्क मिळव आणि इथून बाहेर पड." ती दर आठवड्याला हे म्हणायची. तिला आयुष्यात दुसरं काही हवं होतं असं मला आठवत नाही.

परीक्षेच्या दिवशी माझी झडती व्हायची. दारात हात वर करून उभं राहायचं. ती खिसे बघायची, बाह्या चाचपायची, मोजे खाली ओढायची, कंपासपेटीचं झाकण नखानं वाजवून बघायची. रस्त्यावरून वर्गातली पोरं जात असायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"आहे. खात्री करून घेतेय."

त्या शेवटच्या वर्षी माझी एका मुलीशी मैत्री झाली. तिला सगळे मॉडेल म्हणायचे. तिचाही गणवेश आमच्यासारखाच निळा, पण तिच्या अंगावर तो वेगळाच दिसायचा. बाह्या एकदाच दुमडलेल्या, टाय किंचित सैल, केस बांधलेले तरी सुटल्यासारखे. ती माझ्याशी बोलायला लागली तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली होती, खोटं कशाला बोलू? रक्तातच आहे ते. पण मी त्या पालीला गप्प केलं. मला आईसारखं व्हायचं नव्हतं. मॉडेलनं मला केस विंचरायची नवी पद्धत दाखवली, स्वतःचं जॅकेट एक दिवस घालायला दिलं, आणि मला फिल्म म्हणणं बंद केलं. दुसऱ्यांनाही बंद करायला लावलं. त्यासाठी मी तिला काय वाटेल ते दिलं असतं.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी तिचा ब्लेझर कंबरेत घट्ट करायला आमच्याकडे आला. आईनं नेहमीचे प्रश्न विचारून तो घट्ट केला, इस्त्री केला, खुंटीला लावला. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मॉडेल मला म्हणाली, "एक काम करशील? आतून, अस्तरात, एक छोटासा खिसा. दिसायला नको. तुझ्या आईला सांगितलं तर ती माझ्या आजोबांपर्यंत चौकशी करेल."

"कशाला" हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. आमच्या घरात तो दिवसातून शंभरदा उच्चारला जायचा. मी तो गिळला. मला फार बरं वाटलं, खरंच. वाटलं, मैत्री म्हणजे हेच असतं, न विचारणं. तीच मग आपणहून म्हणाली, "ओठांचं क्रीम आणि आरसा ठेवायला गं. वर्गात सापडलं तर काढून घेतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई कापड आणायला गेली. चाकावर खडूची रेघ होती, म्हणून मशीन वापरायची सोय नव्हती. मी हातानं शिवला. डाव्या बाजूच्या अस्तरात, काखेच्या खाली, दोन बोटं जातील एवढा. जीव ओतून शिवला. इतके बारीक आणि सारखे टाके मी आधी कधी घातले नव्हते. आई यायच्या आत ब्लेझर पुन्हा खुंटीवर होता, आणि संध्याकाळी मॉडेल तो घेऊन गेली. आईनं तो देताना उलटा करून तपासला नाही. आपण स्वतः शिवलेलं आणि आपल्या घरात टांगलेलं तिनं कधी तपासलं नव्हतं.

इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी मॉडेल ग्रंथालयात बसून एका कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी लिहीत होती. मला बघितल्यावर तिनं त्यावर वही ठेवली आणि हसली. मी पण हसले. पाल पुन्हा चुकचुकली, या वेळी चांगली मोठ्यानं. मी पुस्तक बदलायला कपाटाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू होऊन तासभर झाला असेल. देखरेखीवरचे सर मॉडेलच्या बाकापाशी थांबले. तिचा हात ब्लेझरच्या आत होता. त्यांनी तिला उभं केलं. मी मान वर केली नाही. माझा पेन तेवढा थांबला, आणि पुढचं उत्तर कसं लिहिलं ते मला आजही सांगता येणार नाही.

पेपर संपल्यावर शिपाई आला. म्हणाला, "मुख्याध्यापिका बाईंनी तुझ्या आईला बोलावलंय. घेऊन ये."

मॉडेलनं खिसा आमच्या दुकानात शिवून घेतला असं सांगितलं होतं. माझं नाव तिनं घेतलं नव्हतं. त्याबद्दल मी तिचे आभार मानायचे की नाही, हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई दुकानाला कुलूप लावून, ते दोनदा ओढून बघून निघाली. रस्त्यात म्हणाली, "काय झालं?"

"माहीत नाही."

"माहीत नसतं तेव्हा तू कान चोळत नाहीस."

मी कानावरचा हात खाली घेतला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. शाळेपर्यंत मला तिच्या नजरेचं ओझं मानेवर जाणवत होतं.

मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर मॉडेलचा ब्लेझर उलटा करून ठेवला होता. शेजारी तो कागद, पंख्यासारख्या घड्या घातलेला. बाई म्हणाल्या, "ही चिठ्ठी या खिशात सापडली. मुलगी म्हणते खिसा तुमच्याकडे शिवला. मला ते खरं वाटत नाही. तुम्ही हुकाचं कारणसुद्धा विचारता, हे आख्ख्या शाळेला माहीत आहे. मला वाटतं, हे शाळेतल्याच कुणाचं तरी काम आहे. तसं असेल तर शिवणाऱ्या मुलीलाही पुढचे पेपर देता येणार नाहीत. वर्ष जाईल तिचं. तुम्ही नुसता टाका बघून सांगा, हे तुमचं काम आहे का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या गावात एकच बाई होती जी हे सांगू शकत होती, आणि ती माझी आई होती.

आईनं चष्मा लावला. ब्लेझर खिडकीकडे नेला. खिशाची कड अंगठ्यावर ताणून बघितली. मग उलटीकडे झुकलेल्या एकेका टाक्यावरून नख फिरवलं. मी दारापाशी उभी होते. तिनं मान वळवली, माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मी तो हात पाठीमागे घेतला.

तिनं ब्लेझर टेबलावर ठेवला, सुलटा केला, कॉलर नीट बसवली.

"माझंच काम आहे," ती म्हणाली.

"तुमचं? आणि तुम्ही विचारलं नाहीत, कशाला हवाय?"

"नाही विचारलं."

"तुम्ही?"

"नजर चुकली, बाई. वय झालं."

या दुकानातून टाका माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही, असं वीस वर्षं सांगत आलेल्या बाईचं हे वाक्य होतं. तिचं वय तेव्हा त्रेचाळीस होतं आणि सुईत दोरा ती अंधारातही ओवायची. मला ओरडून सांगावंसं वाटलं की खोटं आहे हे. माझं तोंड उघडलंच नाही. वर्ष जाईल, एवढेच शब्द डोक्यात घुमत होते. माझी मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

मुख्याध्यापिका बाईंनी चिठ्ठी फाइलमध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "असं असेल तर पुढच्या वर्षीचे गणवेश आम्हाला दुसरीकडे द्यावे लागतील. तुम्ही समजू शकता."

"समजते ना," आई म्हणाली.

घरी येताना ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. मी वाट बघत होते. आता विचारेल, कोपऱ्यावर विचारेल, कुलूप उघडताना विचारेल. तिनं काही विचारलं नाही. दुकानात शिरली, खुंट्यांवरचे ब्लेझर एकेक करून उलटे केले आणि प्रत्येकाचं अस्तर बोटांनी चाचपलं. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. जेवताना बाबांना म्हणाली, "शाळेचं काम सुटलं." बाबांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. मी तयार होऊन दारात जाऊन उभी राहिले आणि सवयीनं हात वर केले. आई मशीनपाशी बसून सुईत दोरा ओवत होती.

"जा. उशीर होईल."

"बघ ना," मी म्हणाले.

"काय बघायचंय?"

मी हात तसेच वर धरले. दंड दुखायला लागले. मग मी ते खाली घेतले, दोन्ही खिसे ओढून उलटे बाहेर काढले, मोजे खाली सारले, कंपासपेटी उघडून तिच्यासमोर टेबलावर रिकामी केली. ती बघत नव्हती. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून पुन्हा नेढ्यात घालत होती. दोरा जात नव्हता.

"आई, तो खिसा मी शिवला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "टाके सारखे आले होते."

मी सामान पेटीत भरलं आणि रस्त्यावर आले. पडद्याच्या भोकातून ती मागून बघत असेल असं वाटून मी वळून पाहिलं. ती मशीनपाशीच होती, पाठ माझ्याकडे करून. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या आईनं माझा खिसा एकदाही तपासलेला नाही.