बिनऔषधाचा पालक

आमच्या घरामागं जेमतेम दोन खाटा मावतील एवढी जागा आहे. तिथं मी मिरच्या, वांगी, टमाटे आणि पालक लावते, आणि आमच्या भाजीला औषधाचा थेंब लागत नाही असं गल्लीभर सांगत सुटते. ही बढाई यंदाच्या हिवाळ्यात चांगलीच अंगाशी आली.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला जिंतूरला आमच्याकडे आली होती. सातवा सरला होता. रक्त कमी आहे, पालेभाज्या द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि मी पालकाच्या मागंच लागले. रोज पातळ भाजी, वाटी भरून. पोरगी बिचारी वाटी रिकामी करायची. यांची मात्र तऱ्हा वेगळी. लग्नापासून यांनी पालकाला बोट लावलेलं नाही, सरळ ‘गवत’ म्हणतात. म्हणून यांच्या ताटात पिठलं नाहीतर ठेचा. बापलेक शेजारी बसायचे आणि मी शेगडीपाशी भाकरी टाकत असायची.

त्यातच मिरचीवर कोकडा पडला. पानं आकसली, शेंडे मुरडले. माझा जीव चुटपुटायला लागला तसा यांनी शेजाऱ्यांचा पाठीवरचा पंप मागून आणला आणि आंबट ताक फवारलं. उरलेलं ताक वाया कशाला घालवायचं म्हणून बाकीच्या झाडांवरही मारलं. ताकच ते, मीही खूश होते.

पण मिरची काही सुधारली नाही. उलट टमाट्यांचे आणि वांग्यांचे शेंडेही पिळल्यासारखे दिसायला लागले. पालक तेवढा बरा दिसत होता, म्हणून मी तो खुडत राहिले.

एके दिवशी हे सकाळच्या गाडीनं सोनपेठला एका नातलगाकडं गेले. तेवढ्यात शेजारच्या वहिनी पंप न्यायला आल्या.

“ताई, झालं का तुमचं काम? आमच्या घरच्यांना हरभऱ्यावर मारायचं हाय.”

पंप देता देता मी टमाट्यांची कागाळी केली. त्यांनी मागं येऊन शेंडे पाहिले आणि तोंडावर हात ठेवला.

“अगं बाई! त्यात गव्हातल्या तणाचं औषध होतं. धुऊन घ्या म्हणून सांगायचं राह्यलं बघा.”

ऐन थंडीत मला दरदरून घाम फुटला. तण जाळायचं विष! आणि मी ते माझ्या हातानं, फोडणी देऊन, गर्भार पोरीला वाढत होते. यांना फोन लावला तर तो खुंटीवरच्या शर्टात वाजला. मग गल्लीतल्या गरोदर बायांची देखरेख करणाऱ्या, सरकारी दवाखान्याच्या आशाताईंना लावला.

“उलटी, चक्कर काही हाय का? न्हाई ना? मग तिला घाबरवू नका. बाळ हलतंय का तेवढं बघा. उद्या सकाळी दवाखान्यात दाखवू.”

तिला घाबरवू नका म्हणणं सोपं होतं. बाळ हलतंय का, असं मी चहा देताना विचारलं, केस विंचरताना विचारलं, ती न्हाणीत गेली तर दाराबाहेरून विचारलं. बुद्धाच्या मूर्तीपुढं त्रिशरण म्हणायला बसले, तर लहानपणापासून पाठ असलेले शब्द मधेच अडले. शेवटी मागं गेले आणि सगळा पालक मुळासकट उपटायला लागले.

पोरगी दारात येऊन उभी राहिली. “आई, पालक का उपटायलीस? आणि सकाळपासून माझ्या पोटाकडं काय बघायलीस?”

माझा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं. ती माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसली, माझे मातीचे हात हातात घेतले.

“रागावू नको. मी पालक खाल्लाच न्हाई गं. वासानंच मळमळायचं मला. तू भाकरी टाकायला वळलीस की बाबा माझी वाटी ओढून घ्यायचे. तुझी आई लय हौसेनं करायली, तिला सांगू नको म्हणाले.”

“सुटले बाई!” मी मोठ्यानं म्हणाले आणि तिला कवटाळलं. रडत होते, हसत होते. मग उठता उठता ध्यानात आलं की वाट्या तर रोज रिकाम्या व्हायच्या. ते विष गेलं कुठं? लेकीपुढं मला नवरा आठवलाच नव्हता, याची मला तिथल्या तिथं लाज वाटली.

त्यानंतर दिवस मावळेना. यांना गाडीतच काही झालं तर? परभणीच्या स्टँडवर गाडी बदलताना चक्कर येऊन पडले, तर जवळ फोन नाही, कळवणार कोण? मी आत-बाहेर करत राहिले. पंप न धुतल्याबद्दल यांना झाडायला ठेवलेलं एकही वाक्य आता आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोघांनाही तपासलं आणि दोघंही ठणठणीत निघाले. पण त्याआधीची ती संध्याकाळ मी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

दिवेलागणीला हे आले. हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेली मिरचीची रोपं. “तुझी मिरची गेली म्हणून सोनपेठच्या बाजारातून आणली.”

मी रोपं घेतली नाहीत. यांच्या कपाळाला हात लावला. “चक्कर येतीय का? मळमळ?”

“येड लागलं का तुला? भूक लागलीय, वाढ.”

जेवले की सांगू, असं आम्ही मायलेकींनी नजरेनंच ठरवलं. मी नुसती खिचडी टाकली होती, परसातलं काहीएक न घालता. हे नेहमीप्रमाणं पोरीशेजारी बसले. तिच्या ताटात डोकावले, माझ्याकडं पाहिलं आणि काढा घ्यायला बसल्यासारखा चेहरा करून म्हणाले, “आज पोरीला पालक न्हाई का?”

मी भाकरी टाकायला वळावं तशी शेगडीकडं वळले. त्या दिवशी भाकरी नव्हतीच.