बाहेरून कडी नसलेलं घर

दादा, तुले आठवते का, गाडी हलली तशी मायनं खिडकीतून माहा हात धरला होता? "तिकडं आपलं कोनी नाही वो बाई. मन नाही लागलं तं चिठ्ठी टाक." पोतडीत तिखट होतं, वड्या होत्या. सारं गाव मले नशीबवान म्हनून राह्यलं होतं, नवरा कारखान्यात लागला म्हनून. लग्नाले सात वर्सं झाले होते न मांडी रिकामी होती, हे कोनी बोललं नाही.

मन नाही लागलं. पन चिठ्ठी कोनत्या तोंडानं टाकू?

भिलाईत क्वार्टर भेटला, पक्का, इजेचा दिवा. शेजारी तेलगू अम्मा, समोर पंजाबी बहेनजी. मले हिंदी येये नाही. हे शिफ्टले गेले का मी आन् चार भिती.

मंग यायनं सुकवारोले आनलं. चार-पाच वर्साची छत्तीसगडी पोट्टी. मायबाप भट्टीच्या पायव्याच्या कामावर होते, दोघंबी हैजानं गेले. तवापासून ती या झोपडीतून त्या झोपडीत. आमी तिले आपली म्हनलं.

पन ती आपली म्हने तवा ना! दिसंन त्या बाईले 'दाई' म्हने, म्हनजे माय, आन् तिच्या मांडीवर जाऊन बसे. "कितनी प्यारी बच्ची है," बहेनजी म्हने. माह्या जिवाची आग होये. उवा मी काढाव्या, घास मी भरवावे, आन् दाई साऱ्या गल्लीची! पडली, रक्त आलं, तरी रडे नाही. हासतच दुसऱ्याच्या दारी जाये.

एक दिवस डोकस्क फिरलं माहं. म्हनलं, घरात राह्यली तं लळा लागंन. नळावर जातानी बाहेरून कडी लावली. परत आली तं पोट्टी कोपऱ्यात, डोळे टक्क उघडे, फ्रॉक ओला, तोंडातून आवाज नाही. दोन दिवस अन्नाले शिवली नाही.

दूधवाली राउतीन म्हनली, "एला कुरिया म धांध के काम म जावँय, बाई." ज्यायनं ठेवून घेतलं, ते दिवस दिवस तिले झोपडीत कोंडून कामावर जायेत.

कपाळावर हात मारला मी. अक्कल कुठं चराले गेली होती माही! यायले सांगून ते कडीच उपटून टाकली. "जाय बाई, कुठंबी जाय. मी दारातच बसते." तांदूळ निवडनं, फाटकं शिवनं, सारं उंबरठ्यावर. ती भूक लागली का येये, जेवे, निंगून जाये. सहा महिने असे गेले. लय एकटी पडली मी दादा, तुले आज सांगते.

मंग चैताच्या उन्हात तिच्या पायात खिळा घुसला. अम्मानं हात पसरले, बहेनजीनं पसरले. दोघीयले टाकून ती लंगडत आली, माह्या पदरात तोंड खुपसलं न भोकाड पसरलं. पह्यल्यांदाच. शेजारनी तिले चूप कराले धावल्या. मी म्हनलं, रडू द्या.

आता हे नाहीत, मायबी गेली. सुकवारो जवळच्याच नंदिनी गावाले सासरी. पावर हाउसजवळ आमी घर बांधलं, तवाबी बाहेरून कडी बसवू देली नाही मी. तू लिहितं, एकटी काहून राह्यतं, घरी ये. यावंसं लय वाटते रे. पन ती महिन्यातून एखांदा डाव येते, न सांगता. गल्लीच्या टोकावरून पाह्यते, मी दारात दिसली का हाक मारते, "दाई!" साऱ्या भिलाईत आता मलेच म्हनते.

ते दार एक दिवस बंद दिसलं तं, दादा?