चरखीनं ओढलेला दोर

मनोहरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखांदूरच्या बसस्टँडवर उभी होते. फोन त्याच्या मेव्हण्याचा होता. कावीळ झाली होती, अंगावर काढली, नागपूरला नेता नेता… आणि मी विचारलं, "नाव कुठे आहे?" माणसाबद्दल काही विचारायच्या आधी मी नावेबद्दल विचारलं. मग तो म्हणाला, "काठावरच आहे ताई. कायले?" कायले, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आता सांगते. कारण गावाच्या चौकात त्याच्या फोटोचा बोर्ड लागला आहे, खाली 'कष्टकऱ्यांचा आधार' असं लिहिलं आहे, आणि येता-जाता ते वाचून माझ्या कपाळाची शीर उडते.

मनोहरदादा ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरातला, वैनगंगेच्या काठचा. माझे वडील मासेमारांच्या संस्थेचं काम करायचे. आमच्या घरात धान्याच्या कोठीवर, पलंगाखाली, देव्हाऱ्याच्या मागे, सगळीकडे पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. ते गठ्ठे न्यायला दादा यायचा. "ये पत्रकवाली, आज कोणाले शिव्या देल्या तुह्या बापानं?" असं दारातूनच विचारायचा. जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा तो म्हणाला होता, "मोठाले तलाव तिकडे गेले, आपल्याले नदी राहिली." पुढे धरणाचं पाणी मागे चढत आलं, नदीचा समुद्रासारखा पसारा झाला आणि लहान डोंग्यांचं काम उरलं नाही. तेव्हा दादानं मोठी नाव बांधून घेतली आणि तिला ताडपत्रीचं शीड लावलं. डिझेल वाचतं आणि मासा बिचकत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्या नावेवरून महाजाळ टाकायचं. नाव पाण्यात मोठा वळसा घेते आणि जाळ्याचे दोर काठावर येतात, ते सगळ्यांनी मिळून ओढायचे. आमच्याकडची रीत अशी, की दोराला ज्याचा हात लागला त्याचा वाटा. जोर किती लावला हे कोणी विचारत नाही. पोटुशी बाई असो, दम्याचा म्हातारा असो, दोर धरला की मासळीत वाटा. दोराच्या अगदी शेवटी बुधाबाई असायची. नवरा कधीच वारलेला, पोर ना बाळ. तिचा हात दोरावर नुसता टेकलेला असे. दादा नावेतून ओरडायचा, "बुधामाय, ओढून राहिली का दोराले धरून झोपून राहिली?" ती म्हणायची, "तुह्या नावेले धरून राहिली बाप्पा." सगळा काठ हसायचा. पण तिच्या टोपलीत मासे पडायचेच. माझ्या वडिलांनी आयुष्यभर जे छापलं, ते मी पहिल्यांदा त्या दोरावर पाहिलं.

मग दादाचा खांदा गेला. वैशाखातल्या वाऱ्यात शीड उतरवताना दोरानं त्याला असा हिसका दिला की उजवा हात डोक्याच्या वर जाईना. बायांचे तळहातही नायलॉनच्या दोरानं सोलून निघालेले. मीठ-मिरचीला हात लागला की त्या फुंकर घालत बसायच्या. दादानं ते पाहिलं होतं, हे मी नाकारत नाही. तुमसरला राईसमिलच्या मागे भंगारात पडलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा हायड्रोलिक पंप त्यानं शोधून काढला. पंप फिरवायला शेतातलं लहान इंजिन, तेलाचे जाड पाईप आणि दोर गुंडाळायला नावेवर दोन लोखंडी ड्रम. एक ड्रम शिडासाठी, दुसरा जाळ्यासाठी. लोक त्याला विंच म्हणत नसत, चरखी म्हणत. तो पंप त्यानं एसटीत मांडीवर घेऊन आणला. कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट फाडा लागन." दादा म्हणाला, "लहान आहे जी, हाफ फाडा."

पहिल्या चाचणीला पाईप फुटला आणि काठावरच्या सगळ्यांच्या अंगावर काळं तेल उडालं. "चाला, आता मासे तेलातूनच निघतीन," एक बाई म्हणाली. पण दुसऱ्या खेपेला चरखी फिरली. कुणाचाही हात न लागता दोर पाण्यातून सरसर वर आला… आणि काठावरची मंडळी आपापल्या हातांकडे पाहू लागली. हात लागला तरच वाटा, ही रीत मलाही तेव्हाच आठवली.

संस्थेच्या सभेत तोच प्रश्न आला. हात लागला नाही तर वाटा कसा ठरायचा? चरखी चालू द्यायची की नाही, हे सभेच्या हातात होतं आणि निम्मी सभा नको म्हणत होती. तेव्हा दादा उठला. दुखरा हात डाव्या हातानं धरून म्हणाला, "दोर मशीन ओढन, वाटा माणसाचाच राहीन. जे दोरावर होते ते सारे दोरावरच आहेत असं समजा." मग माझ्याकडे वळला. "लिहून घे पत्रकवाली. छापून टाक." मी छापलं. खाली माझं नाव टाकलं. घरोघर मीच वाटलं, बुधाबाईला वाचून दाखवलं. पुढच्या सभेत चरखी मंजूर झाली.

एक हंगाम त्यानं शब्द पाळला, हेही लिहिलं पाहिजे. बाया काठावर पाय पसरून बसायच्या, चरखी ओढायची आणि दादा टोपल्या भरायचा. "बसल्या जागी वाटा. सासू झाल्या तुम्ही साऱ्या," असं म्हणून चिडवायचा. मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे, की यंत्र आलं म्हणून माणूस हटलाच पाहिजे असं नाही, आमच्या गावात येऊन बघा.

दुसऱ्या हंगामात बर्फाच्या पेट्यांचा टेम्पो घेऊन एक व्यापारी यायला लागला. त्यानं दादाला नवं इंजिन दिलं, आणखी मोठं जाळं दिलं आणि नावेत अर्धी भागी घेतली. आता मासळी पलीकडच्या काठावर, टेम्पोपाशीच उतरायला लागली. बाया रिकाम्या टोपल्या घेऊन अलीकडे बसून राहायच्या. एक दिवस त्या दादाच्या दारात गेल्या. तो जेवत होता. ताटावरून न उठता म्हणाला, "दोर चरखीनं ओढला. तुमचा हात कुठी लागला, सांगा." आमचीच रीत त्यानं आमच्यावर फिरवली. संध्याकाळी मी गेले.

"दादा, तू सभेत बोलला होता."

"बोललो होतो. तेव्हा नाव माही एकट्याची होती."

"मग हे सभेत येऊन सांग. आता जमत नाही म्हण."

तो हसला. खरं म्हणजे नुसते ओठ हलले. "तूच सांग ना. त्याईनं पत्रकावर तुहं नाव वाचलं आहे. माहं कुठी आहे त्याच्यावर?"

मी चहा तसाच ठेवून उठले. त्यानंतर रस्त्यात भेटला तरी आम्ही बोललो नाही. बाया मात्र माझ्याशी बोलायच्या, नेहमीसारख्याच. फक्त मी काही वाचून दाखवायला लागले की कुणाला तरी चुलीवरचं दूध आठवायचं. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं. त्याचा पंप चांगला होता, त्याचा खांदा खरोखर दुखायचा आणि त्याच्याइतकं मला कुणी हसवलं नाही. त्यानं दगा दिला, तोही याच सगळ्यासकट.

गेल्या आठवड्यात मी काठावर गेले. नाव आता वहिनी, दादाची बायको, चालवते, सोबत तिचा भाऊ असतो. तिनं मला वर बोलावलं. चरखी चालू-बंद करायच्या दांड्याला दादानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. जिथं त्याची मूठ बसायची तिथं रबर झिजून बोटांचे खळगे पडलेत. "भाऊ नवीन पट्टी लावू म्हणते, मी लावू देत नाही," वहिनी म्हणाली आणि त्याच खळग्यांत तिनं आपली बोटं ठेवली. पलीकडे टेम्पो उभा होता. अलीकडे बुधाबाई बसली होती. जाळं ओढायच्या वेळेला ती अजून येते. मी तिला हाक मारली, हात धरून नावेत घेतलं आणि म्हणाले, "लाव हात, बुधामाय. वाटा होतो का नाही ते पाहू."

तिनं दांड्याकडे निरखून पाहिलं. "एकाच हाताची जागा आहे वं पोरी याच्यावर," ती म्हणाली.

वहिनीनं ते ऐकलं. टेम्पोकडे पाहिलं… पण दांड्यावरचा हात काढला नाही.