अकरा लग्नांचं मंगलाष्टक

नवेगाव बांधच्या आजूबाजूला लग्न होऊन गेलेल्या बायकांना विचारा, निम्म्या जणींची मंगलाष्टकं माझ्या बाबांनी रचलेली निघतील. बाबा शाळामास्तर. कुणाचं लग्न ठरलं की ते दोन दिवसांत तीन कडवी लिहून देणार, मग ती गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटली जाणार. स्वतःजवळ एक प्रत ठेवतील तर शपथ.

त्यांचं मंगलाष्टक ज्या लेकीला मिळालं नाही ती मी. मी कोर्टात लग्न केलं. घरातून निघाले तेव्हा बाबा दारापर्यंतही आले नाहीत. पुढे येणंजाणं सुरू झालं, पण त्या दिवसाबद्दल दोघांनीही कधी तोंड उघडलं नाही. हट्टीपणा मी त्यांच्याकडूनच घेतला आहे.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा बाबांची उजवी बाजू लुळी पडून सहा महिने झाले होते. लिहिणं बंद, बोलणं एखाद्या शब्दापुरतं. बहीण मात्र अडून बसली.

"ताई, अष्टक बाबाचंच पायजे. दुसऱ्या कोनाचं मी म्हनू देनार नाही."

"अन् बाबा लिहिनार कसे?"

"ते मले कायले विचारून राहिली? पुस्तकं तू वाचतेस ना."

मी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं वाचण्यापेक्षा ती पुसण्यातच माझा जास्त वेळ जातो, तरी त्यातल्या एकात वाचलेलं आठवलं. जुन्या लॅटिन भाषेत सेंटो नावाची कविता असे. सेंटो म्हणजे ठिगळं जोडून केलेलं पांघरूण. आधीच्या थोर कवीच्या ओळी इथून तिथून उचलायच्या आणि जोडून नवीच कविता करायची. नियम एकच, स्वतःचा शब्द घालायचा नाही. रोमच्या एका बादशहानं तर आपल्या पंडिताकडून लग्नाची कविताच अशी करवून घेतली होती. वाचलं तेव्हा मला तो रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला होता.

तीन रविवार नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी बाबांची अष्टकं गोळा केली. कोहमाऱ्याच्या ढाबेवालीनं आपलं फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. तलावाकाठी मासोळ्या विकणाऱ्या बाईला कागद सापडेना, तर तिनं तराजू खाली ठेवून सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. बाबांचं वृत्त सगळीकडे एकच, त्यामुळे एका लग्नातली ओळ दुसऱ्या लग्नातल्या ओळीशेजारी बिनतक्रार बसे. अडचण नावांची होती. बहुतेक ओळींत कुणा ना कुणा नवरानवरीचं नाव गुंफलेलं, ते बहिणीच्या लग्नात कसं चालणार? अकरा लग्नांतून अकरा ओळी मिळाल्या. तीन कडव्यांना बारा लागतात. बारावी शेवटपर्यंत मिळाली नाही. मग मी नियम मोडला.

लग्नाच्या दिवशी बाबांना मांडवात खुर्चीवर बसवलं, मांडीवर गुलाबी कागद ठेवला. मी माईकवर म्हणू लागले तशी बायकांत कुजबुज सुरू झाली. "ही माही," ढाबेवाली शेजारणीला म्हणाली. "ही माह्या लग्नातली," मागून मासोळीवाली. ओळीमागून ओळ कुणी ना कुणी ओळखत होतं. बाबांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरत होती. शेवटच्या कडव्यात माझी ओळ आली:

जाते लेक घरातली निघुन, बा, दारी उभा तू रहा

ती कुणीच आपली म्हटली नाही. बाबांची बोटं थांबली.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, बहिणीची पाठवणी झाली. सगळं आटोपल्यावर बाबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. कागद अजून त्यांच्या मांडीवर होता. त्या ओळीवर बोट ठेवून ते मोठ्या कष्टानं म्हणाले, "कोनाची?"

"माही," मी म्हणाले.

त्यांनी एका हातानंच कागदाची घडी घालून खिशात ठेवली. बरी की वाईट, काही नाही. मला रडू आलं आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी उचलून एसटीसाठी निघाले. अंगणाच्या फाटकाशी मागे खुरडल्यासारखा आवाज आला म्हणून वळून पाहिलं. बाबा भिंतीला धरत धरत दारात येऊन उभे राहिले होते. मी बसायला सांगितलं तर बसले नाहीत. मी रस्त्याच्या वळणावर पोचले तरी ते तिथंच उभे होते.